धातूचा रस, वायूचा झोत आणि मधले काही मिलिसेकंद : बारीक पावडर बनते कशी?

भट्टीकाठ (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात थ्रीडी प्रिंटिंगच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, प्रिंटरमध्ये धातूची जी पावडर भरतात ती येते कुठून? "धातू दळून करत असतील," असं एक उत्तर आलं आणि चर्चा पुढे गेली. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा. माझी सुरुवात कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्रीत झाली. पुढची अकरा वर्षं पुण्याजवळ गॅस ॲटोमायझरवर गेली, म्हणजे धातूचा रस वायूच्या झोतानं उडवून पावडर करणाऱ्या यंत्रावर.

आधी दळण्याचं सांगतो. स्टेनलेस, निकेल, तांबं हे धातू चिवट. बॉल मिलमध्ये, म्हणजे पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात, घातले तर फुटत नाहीत, पापडासारखे लाटले जातात. चपटे पापुद्रे निघतात आणि ते प्रिंटरमध्ये पसरतच नाहीत. आपल्याला हवे असतात गोल दाणे, 15 ते 53 मायक्रॉनच्या आसपासचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

यंत्राची उंची दोन-तीन मजली इमारतीएवढी. वर निर्वात कक्षात इंडक्शन भट्टी. तिथे धातू वितळवायचा आणि वितळणबिंदूच्या वर आणखी 150 ते 200 अंश तापवायचा. 316 एल स्टेनलेस असेल तर रस 1600 अंशांच्या आसपास नेतो. हा रस टंडिशमध्ये, म्हणजे मधल्या तापवलेल्या भांड्यात ओतायचा. टंडिशच्या बुडाला सिरॅमिकची नळी असते, भोक 4-5 मिलिमीटर. नळीच्या टोकाभोवती कड्यासारखं नोझल, त्यातून 30-40 बार दाबाचा आरगॉन किंवा नायट्रोजन ध्वनीपेक्षा जास्त वेगानं सुटतो. रसाची धार बाहेर आली की त्या झोतात सापडते आणि तिच्या चिंध्या होतात. आधी पातळ पडदा, पडद्याचे धागे, धाग्यांचे थेंब, आणि मोठे थेंब पुन्हा फुटतात.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. फाटलेला थेंब वेडावाकडा असतो. पृष्ठताण त्याला गोल करायला बघतो, गार वायू त्याला गोठवायला बघतो. गोल होणं आणि गोठणं यांची ही शर्यत आहे. 30-40 मायक्रॉनच्या थेंबाला गोल व्हायला काही मायक्रोसेकंद पुरतात, गोठायला मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागतो. म्हणून वायूच्या यंत्रात गोल होणं जिंकतं. रस किती तापवायचा, वायू कुठला, दाब किती, थेंब पडता पडता गोठतात तो नोझलखालचा टॉवर किती उंच, हे सगळं ठरवताना माझ्या डोक्यात ही एकच शर्यत असते.

दिवसभर भट्टी लावायची, निर्वात करायचं, गळती तपासायची. आणि 50 किलोचं ओतकाम संपतं तीन-साडेतीन मिनिटांत.

सांजवेळ

छान लिहिलंय. मला यातलं काही कळत नाही, पण वाचताना सतत बुंदी आठवत होती. झाऱ्यातून पीठ पडतं, पडता पडता गोल होतं आणि तेलात पडलं की तसंच राहतं. पीठ घट्ट झालं की शेपट्या येतात. असंच का?

भट्टीकाठ

ताई, अगदी जवळ गेलात. युरोपात शिशाचे छर्रे असेच करत. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सनं 1782 साली त्याचं पेटंट घेतलं. उंच मनोऱ्यावरून वितळलेलं शिसं चाळणीतून सोडायचं, खाली पाण्याचं पिंप.

पण एक मोठा फरक आहे. बुंदीचा आकार झाऱ्याचं भोक ठरवतं. आमच्या नळीचं भोक 5 मिलिमीटरचं आणि दाणा 30 मायक्रॉनचा, म्हणजे दीडशेपट लहान. 30 मायक्रॉनचं भोक पाडून त्यातून पोलादाचा रस सोडता येत नाही, क्षणात गोठून बसतो. म्हणून फाडायचं काम वायूकडे दिलंय. आणि वायू फाडतो तेव्हा एकसारखं फाडत नाही. एकाच ओतकामात 5 मायक्रॉनची धूळही निघते आणि 200 मायक्रॉनचे गोळेही.

आमच्या यंत्रावर 50 किलो रसातून 15 ते 53 मायक्रॉनच्या पट्ट्यात बसणारा माल चांगल्या दिवशी 17-18 किलो. बाकीचा इतर कामांना जातो किंवा परत भट्टीत. पावडरची किंमत विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्रिज्या

भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून हिशोब केल्याशिवाय चैन पडली नाही. 1 किलो पोलादाचे 30 मायक्रॉनचे गोल दाणे केले तर संख्या येते सुमारे 900 कोटी. त्यांचं एकूण पृष्ठफळ 25 चौरस मीटर, म्हणजे दहा बाय तेराच्या दोन खोल्यांची फरशी. तोच किलोचा एक गोळा असता तर पृष्ठफळ जेमतेम 120 चौरस सेंटिमीटर.

पोलादाच्या रसाचा पृष्ठताण मीटरला 1.8 न्यूटन धरला तर एवढं नवं पृष्ठ तयार करायला 45 ज्यूल पुरतात. साडेचार किलोची पिशवी मीटरभर उचलायची ऊर्जा! तुम्ही किलोमागे वायू किती वापरता?

भट्टीकाठ

किलो रसाला साधारण दोन किलो आरगॉन.

त्रिज्या

मग दोन किलो वायू सेकंदाला 500 मीटरनं धावतोय असं धरलं तर त्याची गतिज ऊर्जा अडीच लाख ज्यूल. त्यातले कामी येतात 45. हजारात एक भागसुद्धा नाही! आकडा दोनदा तपासला.

भट्टीकाठ

मॅडम, आकडा बरोबर आहे. या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं तुम्ही चार ओळींत मांडलंत. बाकीची ऊर्जा आवाजात, भोवऱ्यांत आणि वायू तापण्यात जाते. 50 किलोला 100 किलो आरगॉन म्हणजे 7 घनमीटरचे आठ-नऊ सिलिंडर तीन मिनिटांत. म्हणून द्रवरूप आरगॉनची टाकी ठेवावी लागते.

आणि वायू वाढवला म्हणून दाणा त्या प्रमाणात बारीक होत नाही. 1970 सालचं लुबान्स्का यांचं सूत्र आजही आम्ही अंदाजाला वापरतो. त्यानुसार किलोमागे वायू एकाचा दोन किलो केला, वेग तोच ठेवला, तर मधला आकार फक्त 13 टक्क्यांनी घटतो. खर्च दुप्पट, फायदा तेरा टक्के. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो, आधी नळी आणि नोझल सुधारा, मग गॅसचा व्हॉल्व्ह फिरवा.

नवशिका

काका, मी मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुस्तकात फ्री फॉल आणि क्लोज कपल्ड असे दोन प्रकार दिलेत. क्लोज कपल्डनं जास्त बारीक पावडर मिळते, तर मग फ्री फॉल अजून कोणी का वापरतं?

भट्टीकाठ

फ्री फॉलमध्ये धार नळीतून सुटून काही सेंटिमीटर मोकळी पडते आणि मग वायू तिला गाठतो. तोवर वायूचा जोर थोडा ओसरलेला असतो. क्लोज कपल्डमध्ये वायू नळीच्या टोकालाच भिडतो, जोर पूर्ण मिळतो, माल बारीक येतो. पण वायू प्रसरण पावताना प्रचंड गार होतो. म्हणजे 1600 अंशांचा रस वाहणाऱ्या नळीच्या टोकावर तुम्ही बर्फाळ वारा सोडताय.

माझ्यावर आलेली एक रात्र सांगतो. कारखान्याचं नाव घेत नाही. निकेलच्या मिश्रधातूचं ओतकाम होतं. टंडिश तापवण्याची वेळ पाळ्या बदलताना वीस मिनिटांनी कमी धरली गेली. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, बाहेरच्या बाजूला होतं, ते बरोबर आकडा दाखवत होतं. नळीचं टोक मात्र आतून पुरेसं तापलं नव्हतं. रस सोडला, काचेच्या झरोक्यातून पांढराशुभ्र शंकू दिसला, सगळे खूश. वीस-पंचवीस सेकंद गेले असतील. शंकू एका बाजूनं बारीक व्हायला लागला. पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी. आणि आवाज बदलला. धार असताना झोताला भरलेला, जाड आवाज असतो, तो एकदम पोकळ शिट्टीसारखा झाला. माझ्याबरोबरचे ऑपरेटर काचेकडे न बघता म्हणाले, "साहेब, बसली." नळी बसली होती. चाळीसेक किलो रस टंडिशमध्ये डोळ्यांदेखत गोठला. तो खडा फोडून काढायला दोन दिवस घण चालला, टंडिश गेलं, नोझलचं कडं गेलं.

तेव्हापासून मी टोकाजवळ वेगळं थर्मोकपल लावल्याशिवाय ओतकाम करत नाही. आणखी एक सवय लावून घे. रस सोडण्याआधी नुसता वायू चालू करून नळीच्या तोंडाशी दाब मोजायचा. तिथे ओढ असली पाहिजे. ओढीऐवजी उलटा दाब असला तर वायू नळीतून वर चढतो आणि टंडिशमध्ये रस उकळल्यासारखा उसळतो. तू विचारलंस फ्री फॉल का वापरतात. या दोन्ही संकटांपासून तो बराच सुरक्षित आहे म्हणून.

नगरी

धागा उत्तम, पण एका गोष्टीवर थोडा वाद घालतो. तुम्ही "गोल म्हणजे चांगलं" असं गृहीत धरलंय. आमचं काम दाबून-भाजून भाग करण्याचं. शॉकॲब्सॉर्बरचे पिस्टन, बुश, छोटे गिअर. आम्हाला गोल दाणा नकोच. पाण्याच्या झोतानं फोडलेली लोखंडाची पावडर वेडीवाकडी असते, आणि प्रेसमध्ये दाबली की ते कंगोरे एकमेकांत अडकतात. म्हणून भट्टीत जाण्याआधीही भाग हातात धरता येतो. गोल पावडर दाबा, डायमधून काढतानाच भुगा होईल.

भट्टीकाठ

पूर्ण मान्य. पाणी वायूपेक्षा कितीतरी पट वेगानं उष्णता खेचतं, त्यामुळे शर्यतीत गोठणं जिंकतं आणि थेंब जसा फाटला तसाच राहतो. तुमच्या कामाला तेच हवं. पाणी स्वस्तही आहे. मी वर "चांगली" पावडर म्हणालो, तिथे "प्रिंटरला चांगली" असं वाचावं.

सांजवेळ

म्हणजे बुंदीचा लाडू पाकाशिवाय वळत नाही, तसंच!

नगरी

ताई, आणि पाक घालूनही करतात. त्याला मेटल इंजेक्शन मोल्डिंग म्हणतात. 20 मायक्रॉनपेक्षा बारीक पावडर मेण आणि प्लास्टिकमध्ये मळतात, साच्यात भरतात, मग पाक काढून टाकतात आणि उरलेला भाग भाजतात. दातांच्या तारांचे ब्रॅकेट, घड्याळाचे भाग असे होतात.

चाकण_चक्र

गिअर कापणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. आम्ही जे महागडे हॉब, म्हणजे गिअरचे दाते कापणारी हत्यारं, वापरतो त्यांच्यावर "पी एम हायस्पीड स्टील" लिहिलेलं असतं, पी एम म्हणजे पावडर मेटलर्जी. बरीच वर्षं वापरतोय, नेहमीच्या हॉबपेक्षा धार खूप जास्त टिकते. ती पावडरही याच पद्धतीची का? मग तो भरीव कसा होतो?

भट्टीकाठ

हो, याच पद्धतीची, आणि माझ्या मते गॅस ॲटोमायझेशनचा सगळ्यात सुंदर उपयोग तोच आहे.

हायस्पीड स्टीलमध्ये टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम आणि कार्बन भरपूर. मोठ्या इनगॉटमध्ये, म्हणजे ठोकळ्यात, ओतलं तर ते तासन्‌तास गोठत राहतं. तेवढ्यात कार्बाइड, म्हणजे कार्बन आणि या धातूंचे कठीण कण, एका जागी गोळा होतात, त्यांची जाळी बनते. फोर्जिंग करून ती मोडते, पण पट्टे उरतात. धार त्या पट्ट्याशीच तुटते. आता तोच रस वायूनं फोडला तर 100 मायक्रॉनचा प्रत्येक दाणा म्हणजे एक स्वतंत्र इनगॉट, मिलिसेकंदांत गोठलेला. कार्बाइडला गोळा व्हायला वेळच मिळत नाही, ते दोन-चार मायक्रॉनचेच राहतात आणि सगळीकडे सारखे पसरतात.

स्वीडनमध्ये आसेआ आणि स्टोरा या कंपन्यांनी 1970 च्या सुमारास ही पद्धत उभी केली. पावडर पोलादी डब्यात भरायची, हवा काढून डबा वेल्डनं बंद करायचा, आणि 1150 अंशांच्या आसपास 1000 बार दाबाच्या वायूत ठेवायचा. डबा सगळ्या बाजूंनी आवळला जातो, दाणे एकजीव होतात.

इथे मला माझंच एक विधान दुरुस्त करायचंय. 15 ते 53 मायक्रॉनचा हट्ट प्रिंटरचा आहे. डब्यात भरायला 500 मायक्रॉनपर्यंतचा जवळजवळ सगळा माल चालतो, उलट लहान-मोठे दाणे मिसळलेले असले तर डबा जास्त गच्च भरतो. फेकायला फारसं उरतच नाही.

आणि तिथे नायट्रोजन वापरतात, आरगॉन नाही. मोठा थेंब फुटताना कधीकधी पिशवीसारखा फुगतो आणि आत वायू कोंडून दाणा पोकळ होतो. आरगॉन धातूत विरघळत नाही. भाग दाबून भरीव झाला तरी तो आत दबलेला असतो आणि पुढे तापवलं की पुन्हा फुगतो. पोलादात नायट्रोजन विरघळून जातो. टायटॅनियमला मात्र नायट्रोजन अजिबात चालत नाही, नायट्राइड होऊन धातू ठिसूळ होतो. शिवाय वितळलेला टायटॅनियम सिरॅमिकची मूसच खातो. म्हणून त्याची कांडी फिरवत ठेवून टोक कॉइलनं वितळवतात आणि थेंब थेट वायूत सोडतात. ना मूस, ना नळी.

उत्तरेचा_वारा

वाचतोय. इस्रोचं उदाहरण इथे जोडावंसं वाटलं. 9 मे 2024 रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं प्रिंट केलेलं इंजिन 665 सेकंद चालवून बघितलं. 14 भागांचा एक भाग झाला, 19 वेल्ड गेले. आणि इस्रोनंच दिलेला आकडा असा की जुन्या पद्धतीत इंजिनामागे 565 किलो धातू लागायचा, तिथे 13.7 किलो पावडर लागली. किलोला पावडर महाग असेल, पण हिशोब असाही होतो.

भट्टीकाठ

हा आकडा मी आमच्या प्रत्येक नव्या ऑपरेटरला सांगतो. आपण चाळतो ती पावडर कुठवर जाते हे त्याला कळलं पाहिजे.

जागल्या

मी औद्योगिक सुरक्षेत काम करतो. त्रिज्या मॅडमनी 25 चौरस मीटरचा हिशोब दिला, तो माझ्या कामासाठीही तितकाच महत्त्वाचा आहे. जेवढं पृष्ठ जास्त, तेवढा हवेशी संबंध जास्त. भुईनळ्यातला लोखंडाचा कीस आपण दिवाळीत जळताना बघतोच. लोखंडाची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर ती भडकते. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या गॅलटिन गावी लोखंडाच्या पावडरच्या एकाच कारखान्यात 2011 साली जानेवारी ते मे या काळात तीन दुर्घटना झाल्या आणि पाच कामगार गेले. तुळयांवर, पायपांवर बसलेली धूळ उडाली आणि पेटली. टायटॅनियम, ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका.

म्हणून कृपा करून लक्षात घ्या. सांडलेली पावडर हवेच्या पाइपनं उडवू नका, ठिणगी न होणाऱ्या व्हॅक्यूमनं उचला. चाळणी, डबे, माणूस, सगळ्यांचं अर्थिंग हवं. पेटलेल्या धातूवर पाणी टाकू नका, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचीच पावडर ठेवा. आणि आरगॉन! रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा जड. ओतकामानंतर टॉवरच्या तळाशी तो साचून राहतो. ऑक्सिजन मीटर 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत डोकंसुद्धा घालायचं नाही. आत पडलेल्याला काढायला दुसरा तसाच धावतो आणि दोघं जातात.

भट्टीकाठ

जागल्या, मनापासून आभार. हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. आमच्याकडे टॉवर उघडताना दोन माणसं आणि दोन मीटर असल्याशिवाय झाकणाचा पहिला बोल्टही सैल करत नाहीत.

नवशिका

काका, एक अडचण. कॉलेजला 316 एलची पावडर आलीये, नायट्रोजननं केलेली, 15 ते 53. हॉल फनेलमधून, म्हणजे ठरावीक भोकाच्या नरसाळ्यातून, 50 ग्रॅम वाहायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आहे. पण ती वाहतच नाही, भोकाशी अडून बसते. सूक्ष्मदर्शकाखाली दाणे गोल दिसतात, फक्त काही मोठ्या दाण्यांना बारीक दाणे चिकटलेले आहेत. सरांना वाटतं माल खराब आहे.

भट्टीकाठ

चिकटलेल्या त्या बारीक दाण्यांना आम्ही सॅटेलाइट म्हणतो. टॉवरमध्ये वायूचे भोवरे गोठलेली धूळ पुन्हा वर नेतात आणि ती अजून ओल्या असलेल्या मोठ्या थेंबांना आदळून चिकटते. थोडे असतातच. तेवढ्यानं पावडर पूर्ण अडत नाही.

रांगोळी चिमटीतून सुरसुर सुटते आणि मैदा सुटत नाही, हे आठव. दाणा बारीक झाला की वजनापेक्षा चिकटण्याचा जोर भारी पडतो, आणि त्यात ओल असली तर संपलंच. डबा कधी उघडलास? आत्ता जुलै चालू आहे. तुमच्या प्रयोगशाळेत आर्द्रता किती?

नवशिका

डबा गेल्या सोमवारपासून उघडा आहे. आर्द्रता आत्ता बघितली, 84 टक्के.

भट्टीकाठ

मग मालाला दोष देऊ नका. पसरट ट्रेमध्ये पातळ थर करून 100 अंशांवर तीन तास ठेव, डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद कोरड्या भांड्यात, गार कर आणि लगेच मोज. हे स्टेनलेस आहे म्हणून साध्या ओव्हनमध्ये सांगतोय, टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमला असं करायचं नाही. फनेलचं भोक 2.54 मिलिमीटरचंच आहे ना ते बघ, आणि कोरड्या कापडानं आतून पूस. प्रवाह सुरू व्हायला एक हलकी टिचकी चालते, दुसरी मारलीस तर तो आकडा धरू नकोस.

नवशिका

काका, झालं! काल संध्याकाळी सुकवली, आज सकाळी मोजली. टिचकीसुद्धा लागली नाही. तीन वेळा घेतलं : 17.8, 18.1, 17.9 सेकंद. शेवटचे काही दाणे पडताना फनेलच्या मधोमध छोटा खळगा पडतो आणि कडेचे दाणे त्यात घरंगळत येतात, ते बघायला सर पण वाकले होते. उरलेली पावडर डब्यात भरून झाकण लावलंय, आत सिलिका जेलची पुडी टाकलीये.